झिनाबाईंचा टाक

आमच्या सासूबाईंना आयुष्यात एकच वस्तू सांभाळायला मिळाली होती, आणि ती त्यांनी सोनाराकडे नेऊन वितळवली. आधीच सांगून टाकते. गोष्ट शेवटपर्यंत पोटात ठेवायला मला जमत नाही. पोटात काही राहिलं की मला जेवण जात नाही असं माझा नवरा म्हणतो. तो फार कमी वेळा बरोबर बोलतो, त्यातली ही एक वेळ.

मी जयवंता. माहेर लोधिवली, सासर पळसदरी. धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची चहा-भज्यांची टपरी आहे. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येतात, भजी खातात, डोंगराचे फोटो काढतात आणि बाटल्या आमच्या दारात टाकून जातात. सासूबाईंचं नाव सुंदरा. त्या कोंडाण्याच्या. सासरे आबाजी रेल्वेत होते, घाटात रूळ बघायचं काम. मी लग्न होऊन आले त्याआधीच ते गेले, त्यामुळे मला ते फक्त देव्हाऱ्यातल्या टाकावरून माहीत.

आता टाक म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण हल्लीच्या पोरांना विचारलं तर ती मोबाईलकडे बघतात. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाने चांदीचा छोटा पत्रा करून घ्यायचा, त्यावर बाईचं किंवा पुरुषाचं चित्र उठवलेलं, आणि तो देव्हाऱ्यात बसवायचा. सणावाराला त्याला आंघोळ, गंध, नैवेद्य. गेलेलं माणूस घरातच राहतं, आपल्याबरोबर जेवतं, एवढा साधा हिशोब. आमच्या देव्हाऱ्यात आजेसासऱ्यांपासून सगळी मंडळी बसलेली आहेत. दाटीवाटीने का होईना, पण बसलेली आहेत.

सासूबाई म्हणजे अगदी कडक माणूस. बोलायला कमी, कामाला वाघ. शेजारणीकडून वाटीभर पीठ आणलं तर वाटी परत करताना रिकामी कधी धाडली नाही, दोन मिरच्या तरी घालून देणार. कुणी दहा मिनिटं पिशवी सांभाळायला सांगितली तर पिशवीवरची नजर हलवणार नाहीत. एकदा एक पाहुणी टपरीवर छत्री विसरून गेली, तर ती छत्री यांनी तीन पावसाळे जपून ठेवली, आणि आमच्या डोक्यावर पाऊस पडत असताना आम्हाला हात लावू दिला नाही. अशा बाईच्या हातून हे झालं, म्हणून तर जीव जळतो.

झिनाबाई रशियाच्या. खरं नाव झिनाइदा, पण गावाने त्याचं पहिल्याच आठवड्यात झिनाबाई करून टाकलं. वर्तकसाहेब तरुणपणी तिकडे शिकायला गेले आणि शिक्षणाबरोबर बायको घेऊन आले. खोपोलीच्या एका कारखान्यात साहेब इंजिनीयर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी पळसदरीला धरणाच्या अंगाला घर बांधलं आणि दोनच वर्षांत गेले. मुलगा आधी पुण्याला होता, नंतर कॅनडाला गेला. बाई एकट्या राहिल्या. लोकांना वाटलं, आता ही आपल्या देशात जाईल. कुठली जाते. तिने अंगणात बटाटे लावले आणि सासूबाईंना झाडलोटीला बोलावलं.

त्या झाडलोटीची तीस वर्षं झाली. बाई मराठी बोलायच्या ती नवऱ्याकडून शिकलेली, म्हणून त्या शेवटपर्यंत "मी येतो, मी जातो" म्हणत. सासूबाईंनी कधी त्याचं हसं केलं नाही की चूक काढली नाही. उन्हाळ्यात ठाकरवाडीच्या बायका करवंदं घेऊन आल्या की बाई पाटीच्या पाटी विकत घ्यायच्या, त्याचा मुरांबा करायच्या, आणि बिनदुधाच्या चहात लिंबाची चकती टाकून तो मुरांबा चमच्याने चाटत चहा प्यायच्या. सासूबाईंना हा प्रकार पहिल्यांदा बघून मळमळलं होतं म्हणे. पुढे त्या स्वतःच तसा चहा प्यायला लागल्या. घरी आल्यावर मात्र दुधाचाच, कारण आम्ही हसलो असतो.

त्या घरात एक घड्याळ होतं. अंड्याच्या आकाराचं, हापूस आंब्याएवढं, चांदीचं, तीन बारीक पायांवर उभं. वरून निळं मीनाकाम, गोकर्णीच्या फुलाचा निळा असतो ना, तस्सा. त्या निळ्याच्या खाली चांदीवर कोरलेल्या लाटा दिसायच्या, उजेडात धरलं की हलल्यासारख्या. पुढे पांढरी तबकडी, बोटाच्या पेराएवढे काटे. मी ते हातात घेतलेलं आहे म्हणून सांगते, असं देखणं काम मी परत बघितलं नाही. बाईंच्या आजीच्या आईचं ते. तिकडे राजा होता त्या काळातलं. पुढे मोठ्या लढाईत त्यांच्या घरात बटाट्याच्या साली उकडून खाल्ल्या, घरातलं लाकूडसामान जाळून शेकोटी केली, पण घड्याळ विकलं नाही. ही गोष्ट बाईंनी सासूबाईंना सांगितली आणि सासूबाईंनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली की माझ्या पोराला शाळेच्या धड्यांपेक्षा ती पाठ होती.

दर रविवारी सकाळी बाई त्याला चावी द्यायच्या. त्या वेळी सासूबाईंनी झाडू थांबवायचा, अशी रीत पडली होती. कुणी घातली माहीत नाही. चैत्राच्या आसपास बाईंचा एक सण यायचा. त्या कांद्याच्या साली पाण्यात उकळून त्यात अंडी लाल करायच्या, परडीत मांडायच्या आणि मधोमध हे निळं अंडं ठेवायच्या. नात रिया लहानपणी मे महिन्यात यायची. तिच्यासाठी चार रंगवलेली अंडी मागे ठेवलेली असायची, मग त्यांना वास का येईना. पुढे रियाचे आई-वडील तिला घेऊन कॅनडाला गेले आणि मे महिना नुसता करवंदांचा राहिला.

शेवटच्या दुखण्यात बाईंनी ते घड्याळ मऊ फडक्यात गुंडाळून सासूबाईंच्या हातात दिलं. मी तिथेच होते, बाईंसाठी पेज घेऊन गेले होते. बाई म्हणाल्या, "हे तू ठेव, सुंदरा. मुलाला देऊ नको, तो विकेल. रियाचं स्वतःचं घर होईल, तेव्हा ती येईल. मी तिला तसं सांगितला आहे. तिच्या हातात दे." सासूबाईंनी मान हलवली. बाईंनी पुन्हा विचारलं, देशील ना. तेव्हा सासूबाईंनी त्यांचे पाय धरले. बाईंना पाय धरलेले आवडत नसत, पण त्या दिवशी काही बोलल्या नाहीत.

बाई गेल्या. मुलगा आला, साहेबांना जाळलं तिथेच बाईंना जाळलं, राख उल्हास नदीत सोडली आणि दुसऱ्या दिवशी विमान पकडलं. दहावा नाही, तेरावा नाही, पिंडाला कावळा शिवायचा तर पिंडच नाही. घर फोनवरूनच विकलं. आता तिथे पोहायचा तलाव आहे आणि रात्रंदिवस गाणी वाजतात. सासूबाईंना घराचं काही वाटलं नाही. त्यांना एकच खुपलं: बाईंच्या नावाने कुणी पान वाढलं नाही.

घड्याळ आमच्याकडे लोखंडी पेटीत आलं. दर रविवारी सासूबाई ते काढायच्या, चावी द्यायच्या, कानाला लावायच्या, पुन्हा फडक्यात. मला तर वाटायचं या देवपूजाही इतक्या मन लावून करत नाहीत. मी रियाच्या बापाला दोनदा फोन लावला. पहिल्यांदा म्हणाला, "बघू." दुसऱ्यांदा फोन लागलाच नाही. मोबाईलवर रिया वर्तक शोधली, तर ढीगभर निघाल्या, त्यातली आपली कुठली ते काय कपाळावर लिहिलेलं असतं का? सासूबाई म्हणाल्या, राहू दे, ती येनार हाय. अशी पाच-सहा वर्षं गेली.

मग एका उन्हाळ्यात, रविवारीच, चावी फिरवताना आत काहीतरी कट्‌ केलं आणि चावी सैल पडली. घड्याळ थांबलं. सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. मी म्हटलं, आई, मशीन आहे, बिघडलं, दुरुस्त करू. पण कर्जतला स्टेशनजवळ जो घड्याळवाला बसायचा त्याच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मुंबईला न्यायचं ठरलं आणि ठरलेलंच राहिलं, टपरी सोडून जाणार कोण. सासूबाई मात्र त्या दिवसापासून पेटीकडे गेल्या नाहीत. मला एकदाच म्हणाल्या, "बाई निगून गेली गं त्यातून."

त्या पावसाळ्यात त्यांना ताप आला. असा ताप, की आम्ही कर्जतच्या दवाखान्यात पाच दिवस बाकावर झोपलो. त्यातून उठल्या, पण मनाने घेतलं की आता आपले दिवस भरत आले. स्वतःची काळजी नव्हती. मुलगा आहे, सून आहे, टाक बसेल, पान मिळेल. काळजी ही, की आपण गेल्यावर झिनाबाईंची आठवण काढणारं कोण? पितृपक्षात त्या आजवर केळीच्या पानाच्या कोपऱ्यावर बाईंचा घास हळूच काढत आल्या होत्या. आम्हाला दिसायचं, आम्ही बघत नसू. आता त्यांना वाटायला लागलं की तो घास पोचतच नाही, बाई आपली दाराबाहेर उभी आहे, लाजून आत येत नाही.

तेव्हा आमचे धाऊकाका आले. हे सासऱ्यांचे धाकटे भाऊ, घराण्याचं देवाधर्माचं सगळं यांना विचारून. सासूबाईंनी आडून विचारलं, परक्या माणसाचा टाक आपल्या देव्हाऱ्यात बसतो का? काकांना कुणी काही विचारलं की ते फुगतात. पान लावलं, तंबाखू मळली, आणि म्हणाले, "बसतो वहिनी, पन चांदी त्या मान्साची पायजे. आपल्या पैशाची चांदी घातली, तर तो आपलाच टाक. त्याचा नाय व्हनार."

हा आमच्या घराण्याचा रिवाज आहे, खोटं नाही. आजेसासऱ्यांचा टाक त्यांच्या करगोट्याच्या चांदीचा, सासऱ्यांचा त्यांच्या कड्याचा. पण मेल्या म्हाताऱ्याने एक प्रश्न तरी उलटा विचारायचा होता. कुणाचा टाक, कसली चांदी, कुठून आली? नाही. चहा प्यायला आणि टेंपोत बसून गेला.

मी त्या दिवसांत लोधिवलीला होते, माझ्या भावाकडे. भावजय बाळंत झाली होती. सर्वपित्रीला दोन दिवस उरले असताना सासूबाई एकट्या रिक्षाने कर्जतला गेल्या, घड्याळ पदराखाली धरून. सोनार जुन्या ओळखीचा, भला माणूस. त्याने घड्याळ फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणाला, मावशी, हे मोडू नका, असं काम आता होत नाही, तसंच ठेवा. सासूबाई म्हणाल्या, ते बंद पडलंय, आणि बाई उपाशी हाय. सोनाराला काही कळलं नसणार. त्याने दुसऱ्यांदा सांगितलं, घरी विचारून या. सासूबाईंनी ऐकलं नाही. ज्या बाईने छत्री तीन पावसाळे उघडली नाही, ती बाई त्या दिवशी कुणाच्या बापाचं ऐकायला तयार नव्हती.

त्यांना तिथून हलायचंही नव्हतं. बाईंना एकटं कसं सोडायचं, म्हणून त्या दुकानाच्या मागच्या खोलीत भट्टीशेजारी बसून राहिल्या. सोनाराने आतलं यंत्र काढून बाजूला ठेवलं. चांदी तापवून पाण्यात बुडवली, तशी निळी मीनाकारी तडतड करत उडाली. बारीक बारीक निळे कण पाण्याच्या तळाशी बसले. मग चांदी मुशीत गेली. एका टाकाला चांदी लागते ती किती, बाकीची उरली. उरलेली घरात कशी वापरायची, बाईंची आहे ती. म्हणून तिची एक वाटी आणि एक पेला केला, बाईंच्याच नैवेद्यासाठी. यंत्राचं काय करू असं सोनाराने विचारलं, तर म्हणाल्या, ते पितळ हाय, मला नको.

मी परत आले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. देव्हाऱ्यात नवा टाक चकचकीत, पुढे नव्या पेल्यात काळा चहा, त्यात लिंबाची चकती, वाटीत करवंदांचा मुरांबा. मला आधी कळेना हे कोण पाहुणे. कळलं तेव्हा मी देव्हाऱ्यासमोरच ओरडले. म्हटलं, आई, ते घड्याळ तुमचं होतं का? ती पोरगी आली म्हणजे काय देणार आहात, हा चहा? माझा नवरा मध्ये पडला. मला म्हणाला, आईला बोलू नकोस, तिने चांगल्या मनाने केलंय. चांगल्या मनाने! वाईट मनाने केलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

सासूबाई शांत होत्या. म्हणाल्या, "यायचं असतं तर आली असती गं. नातीला भूक नाय, आजीला हाय." आणि खरं सांगते, त्यानंतर चार-पाच महिने त्या जितक्या सुखात होत्या, तितक्या सुखात मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. नवरात्रात सगळे टाक विड्याच्या पानांवर बसवले, त्यात झिनाबाई सासऱ्यांच्या शेजारी. जेवण जायला लागलं, झोप लागायला लागली. माझाही राग हळूहळू उतरला. वाटलं, जाऊ दे. कोण येतंय आता!

माघात रिया आली.

मी टपरीवर होते. एक गाडी थांबली, आतून एक उंच मुलगी उतरली आणि तिने विचारलं, सुंदरामावशी कुठे राहतात? तिचे डोळे बघितले आणि माझ्या हातातला झारा कढईत पडला. झिनाबाईंचेच डोळे, राखाडी. वाटेत तीच बोलत होती. दोन वर्षांपूर्वी एकटी पुण्याला परत आली, नोकरी करते. बाबूश्काने, म्हणजे आजीने, तिला ती बारा वर्षांची असताना सांगितलं होतं, तुझं स्वतःचं टेबल होईल तेव्हा घड्याळ घेऊन जा, मी नसले तर सुंदराकडून, पण भाड्याच्या टेबलावर ते ठेवायचं नाही. "मागच्या महिन्यात माझं घर झालं. टेबल आलंय. त्याच्यावर मी अजून काहीच ठेवलं नाहीये," ती हसून म्हणाली. मला वाटलं रस्ता संपूच नये.

सासूबाई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं आणि ओळखलं. उठल्या, तर मांडीवरच्या शेंगा सगळ्या ओटीभर झाल्या. रियाने त्यांना मिठी मारली. सासूबाईंचे हात खालीच लोंबत राहिले, तिच्या पाठीवर ठेवायला वर येईनात. मी पाणी आणलं. रिया पाणी प्यायली, तिने सगळ्यांची चौकशी केली, माझ्या पोराला चॉकलेट दिलं, आणि मग लहान मुलीसारखं विचारलं, "मावशी, कुठे आहे ते?"

सासूबाई आत गेल्या. मला वाटलं आता या बाहेर येणार नाहीत. पण आल्या. एका हातात टाक, दुसऱ्या हातात वाटी आणि पेला. तिच्यासमोर खाली बसल्या आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही गोड केलं नाही. बाईंना पान नव्हतं, चांदी त्यांचीच लागते, घड्याळ बंद पडलं होतं, मी वितळवलं. रिया ऐकत होती. मराठी तिला समजतं, पण हे समजत नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली, तेव्हा समजलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "पण ते बंद पडायचंच, मावशी. आठ वर्षांची असताना मीच जास्त चावी देऊन त्याची स्प्रिंग तोडली होती. बाबूश्काने कुणाला सांगितलं नाही, मला ओरडा बसू नये म्हणून. मुंबईला नेऊन दुरुस्त करून आणलं."

सासूबाईंना ते आठवलं. मला नंतर म्हणाल्या, एका मे महिन्यात घड्याळ जागेवर नव्हतं, विचारलं तर बाई म्हणाल्या होत्या, ते गावाला गेलंय. बाईंना एवढी चेष्टा करता यायची. मुकाट्याने दुरुस्त होऊन आलं होतं म्हणजे पुन्हाही झालं असतं. एवढं कळायला वेळ लागत नाही, आणि कळल्यावर मग माणूस कुठे जाणार?

रियाने विचारलं, आतलं मशीन तरी? आम्ही तिच्या गाडीतून तशाच कर्जतला गेलो, ती आणि मी. वाटेत मला वेडी आशा लागली होती. यंत्र असेल, तबकडी असेल, कुणी कारागीर नवं अंडं करून देईल, काहीतरी हातात पडेल. सोनाराने आम्हाला बघून दुकानाचे सगळे खण उपसले. बिचाऱ्याने दिवाळीपर्यंत ते पुडीत जपून ठेवलं होतं, मावशी परत येतील म्हणून. दिवाळीच्या साफसफाईत मोडीच्या पितळाबरोबर गेलं. ते कुठे गेलं असेल असं रियाने विचारलं, तर त्याने नुसते हात जोडले. ती दुकानाच्या पायरीवर बसली आणि तोंड झाकून रडली. बाजाराचा दिवस, माणसं वळून वळून बघत होती. मी तिच्या बाजूला बसले. तिच्या पाठीवर हात ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

परत आलो तेव्हा सासूबाईंनी टाक, वाटी, पेला सगळं एका नव्या खणात बांधून ठेवलं होतं. म्हणाल्या, हे तुझं हाय पोरी, चांदी तुझी हाय, घेऊन जा. देव्हाऱ्यातून बसलेला टाक उठवून दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे काय, हे मला माहीत आहे. आमच्यात ते कुणी करत नाही. त्यांनी केलं. रियाने खण सोडला, टाक तळहातावर घेतला आणि दाराच्या उजेडात कितीतरी वेळ बघितला. सोनाराकडे बाईमाणसाचा ठसा एकच. डोक्यावरून पदर, हात जोडलेले, कपाळाला कुंकू.

"ही बाबूश्का नाहीये," ती म्हणाली. "ती डोक्यावर कधीच पदर घ्यायची नाही."

सासूबाई म्हणाल्या, "मला ठावं हाय."

रियाने टाक परत खणात ठेवला. तुम्हीच ठेवा म्हणाली, तुम्हाला यात ती दिसते, मला दिसत नाही. मग वाकून त्यांच्या पाया पडली. ते मात्र व्हायला नको होतं. सासूबाई मागे सरकल्या, पार भिंतीला टेकल्या. गाडी गेली. ओटीवर शेंगा तशाच पसरलेल्या होत्या, त्या मी गोळा केल्या.

नंतर मी त्यांना काही बोलले नाही. बोलायला सगळं होतं, जीभही मला देवाने दिलेली आहे, पण त्यांच्याकडे बघितलं की मी कढईकडे वळायचे. टपरीवर यायच्या, भांडी घासायच्या, घरी जायच्या. धाऊकाका एकदा आले तर उठून आत गेल्या. मी मात्र काकांना चहा न देताच वाटेला लावलं. रियाचा फोन मधूनमधून येतो, माझ्या मोबाईलवर. मावशी कशा आहेत विचारते. चांगली मुलगी आहे. टेबलावर आता काय ठेवलंस, हे विचारायचं माझ्या ओठावर येतं आणि मी भज्यांचं काहीतरी बोलते.

यंदाची सर्वपित्री आली. मला वाटलं यांचं मन उडालं असेल, पण नाही, पहाटे उठून त्यांनी सगळा स्वयंपाक केला. सासऱ्यांना पान वाढलं, आजेसासऱ्यांना वाढलं. मग काळा चहा केला, लिंबाची चकती कापली, मुरांबा काढला. पेला टाकासमोर ठेवला आणि समोर बसल्या. चहा निवला तरी बसलेल्याच. मी जवळ गेले. म्हटलं, आई, उठा आता, तुम्हीही दोन घास खा.

त्या टाकाकडे बघतच म्हणाल्या, "तीस वरसं बाईनी मला कामं सांगितली, जयवंते. मागितलं एकदाच." मग म्हणाल्या, "ती जेवत नसंल गं. तिच्या जागी मी असते, तर या हातचं मीबी जेवले नसते."